पोटदुखीला कंटाळून

पोलीस ठाण्याच्या कागदपत्रांत काही वाक्ये ठरलेली असतात. लिहिणारा ती विचार न करता लिहितो आणि वाचणारा विचार न करता वाचतो. 'पोटदुखीला कंटाळून विषारी औषध घेतले' हे त्यांपैकीच एक वाक्य. शेवगाव, पाथर्डी, नेवासा या भागात वीस वर्षे वकिली करताना हे वाक्य मी किती कागदांवर वाचले याचा हिशेब माझ्याकडे नाही. बहुतेक वेळा ते एखाद्या बाईबद्दल असते आणि ती बाई बहुतेक वेळा गावाच्या कडेच्या वस्तीतली असते.

२०१९ च्या पावसाळ्यात अशाच एका कागदावरची बाई वाचली आणि माझ्या कार्यालयात आली. शेवगाव तालुक्यातल्या एका गावच्या बौद्ध वस्तीतली, वय ३१, ऊसतोड मजूर. दवाखान्यातून घरी आल्यावर कुणीतरी तिच्या नवऱ्याला सांगितले होते की आता भारतीय दंड विधानाच्या कलम ३०९ खाली बायकोवर खटला होणार. नवरा भेदरलेला होता. मी त्यांना सांगितले की मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला आहे. त्याच्या कलम ११५ नुसार जीव देण्याचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच कायदा गृहीत धरतो. उलट सिद्ध झाल्याशिवाय तिला शिक्षा करता येत नाही, आणि तिची काळजी, उपचार व पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी ठरते. (पुढे १ जुलै २०२४ पासून दंड विधानच गेले आणि त्याच्याबरोबर ३०९ ही गेले.) काम अर्ध्या तासात संपले. फी घेण्याचा प्रश्नच नव्हता. पण जाताना मी सहज विचारले, "ताई, पोट कशानं दुखत होतं?" ती म्हणाली, "पोट नव्हतं दुखत दादा. पोटात काही राहिलंच नाही, तर दुखंल काय?"

वयाच्या २६ व्या वर्षी तिची गर्भपिशवी काढलेली होती.

वकिलाला एक वाईट सवय असते. साक्षीदाराने दिलेल्या उत्तरावर तो थांबत नाही, त्या उत्तराचे कारण विचारतो. पिशवी का काढली? अंगावरून जात होते, पांढरे जात होते, कंबर दुखत होती. खाजगी दवाखान्यात नेले तेव्हा तिथल्या डॉक्टरने एक सोनोग्राफी करून सांगितले की पिशवीला सूज आहे, काढली नाही तर पुढे कॅन्सर होईल. मग आधी औषधपाणी का केले नाही? औषधाला महिना लागतो, आणि हंगामात एक दिवस खाडा झाला तर मुकादम पाचशे रुपये कापतो. आजार झालाच कशाने? फडावर संडास नाही, आडोसा नाही, म्हणून दिवसभर लघवी दाबून धरायची आणि लघवी लागू नये म्हणून पाणीच प्यायचे नाही. पाळीच्या दिवसांत तोच कपडा, धुवायला पाणी नाही. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचे, बाळंत होऊन चाळीस दिवस झाले असोत की नसोत. लग्न कधी झाले? पंधराव्या वर्षी. इतक्या लवकर का? कारण मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या पोराला उचल मिळत नाही. उचल कशाला लागते? आधीच्या वर्षीची फिटली नाही म्हणून. ती फिटली का नाही? पिशवीच्या ऑपरेशनला पैसे घेतले म्हणून.

वर्तुळ पुरे झाले. आता या वर्तुळात 'मूळ कारण' कुठे बोट ठेवून दाखवायचे?

ऑपरेशननंतर दुखणे थांबायला हवे होते. ते वाढले. अंगातून वाफा निघायच्या, रात्र रात्र झोप नाही, छातीत धडधड, पोरांवर विनाकारण हात उगारायचा आणि मग कोपीच्या मागे जाऊन रडायचे. कधी दोन दोन दिवस अन्न नको, तर कधी उठून गुळाचा खडा आणि शिळी भाकर खात सुटायचे. सासूने देवऋषी गाठला, त्याने 'बाहेरचं' सांगितले. नवऱ्याच्या मते बाई 'नाटकं' करते. डॉक्टरने कॅल्शियमच्या आणि झोपेच्या गोळ्या दिल्या. वास्तविक गर्भपिशवीबरोबर बीजांडकोशही काढले गेले तर बाईच्या शरीरातली स्त्रीसंप्रेरके एका दिवसात बंद होतात. पन्नाशीत सावकाश यायची रजोनिवृत्ती पंचविशीत एकदम येते. हाडे ठिसूळ होतात, झोप उडते, मन उदास होते. हे वैद्यकशास्त्राला पक्के माहीत आहे. तिला मात्र कुणी सांगितले नव्हते. तिच्या कागदांवर बीजांडकोश काढले की ठेवले याचीही नीट नोंद नव्हती.

ही एकटी बाई नव्हे. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला आणि सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली, म्हणजे दर सहांपैकी एकीची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण साधारण ३ टक्के आहे. शेवगाव-पाथर्डी हा भाग बीडला लागूनच आहे. त्याच टोळ्या, तेच मुकादम, तेच कारखाने. रोग जिल्ह्याची हद्द पाहून थांबत नाही, पण समितीची पाहणी हद्दीशी थांबली. आमच्या बाजूच्या बाया मोजल्या गेल्याच नाहीत.

आता थोडे स्वतःबद्दल सांगतो. मला बेचाळिसाव्या वर्षी मधुमेह निघाला. आमच्याकडे त्याला 'साखर' म्हणतात, आणि ज्या जिल्ह्यात १९५० साली प्रवरेचा पहिला सहकारी साखर कारखाना निघाला त्या जिल्ह्यात हा शब्द ऐकताना कडू हसू येते. मी जाड नाही. माझे वजन ६१ किलो. डॉक्टरांनी विचारले, "घरात कुणाला आहे?" आईला आहे, मावशीला आहे, आजोबांचे कुणी तपासलेच नाही. "मग आनुवंशिक," असे म्हणून त्यांनी गोळी लिहून दिली आणि वर सल्ला दिला, "टेन्शन घेऊ नका, गोड खाऊ नका, रोज चाला." माझी आई शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "साहेब, ह्यानं लहानपणी गोड पाहिलं कधी? आणि मी तर जलमभर चाललेच."

म्हातारीचा हा युक्तिवाद मला खोडता आला नाही. ऊस तोडणाऱ्या बाईला साखर होते कशी? आयुष्यभर अर्धपोटी राहिलेल्या माणसाला भरल्या पोटाचा रोग होतो कसा? 'आपले रक्तच वाईट' असे आपल्यातले शिकलेले लोकही म्हणू लागले आहेत. हे वाक्य मला फार धोकादायक वाटते, कारण हजारो वर्षे आपल्याला हेच तर सांगितले गेले.

उत्तराचा एक धागा आपल्या शेजारीच, पुण्यात सापडतो. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या स्त्रियांचा, त्यांच्या बाळंतपणांचा आणि पुढे त्या मुलांचा अभ्यास केला. गरोदर होण्यापूर्वी त्या बाया सरासरी ४२ किलोच्या आसपास होत्या. त्यांची बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोची. इंग्लंडमधल्या बाळांशी तुलना केली तेव्हा असे दिसले की आपल्या बाळाचे स्नायू कमी, आतले अवयव लहान, पण चरबी मात्र त्या मानाने टिकवलेली. दिसायला बारीक आणि आतून चरबीचे. पोटात असतानाच उपासमार ओळखून शरीर जणू दुष्काळाची तयारी करून जन्माला येते. पुढे त्याला पोटभर भात-चपाती आणि बसून करायचे काम मिळाले की तेच शरीर साखरेला बळी पडते. इंग्लंडातले डॉ. डेव्हिड बार्कर हेच वेगळ्या अंगाने सांगत होते की प्रौढ वयातल्या हृदयरोगाची पाळेमुळे आईच्या उदरातल्या कुपोषणात आहेत. याज्ञिकांनी २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात आपला आणि आपल्या इंग्रज सहकाऱ्याचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा वजन-उंचीचा निर्देशांक एकच, २२.३. पण इंग्रजाच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के.

या अभ्यासात आणखी दोन गोष्टी निघाल्या. ज्या बाया गरोदरपणी शेतात आणि घरात जास्त कष्ट करत होत्या त्यांची बाळे लहान निघाली. आणि ज्या बायांच्या खाण्यात हिरवी भाजी, फळे होती त्यांची मोठी. शिवाय सुमारे दोनतृतीयांश बायांच्या रक्तात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होते. हा अभ्यास जातीचा नव्हता, हे मी मुद्दाम नमूद करतो. आपल्या लोकांना प्रत्येक आकड्यात जात शोधायची घाई असते आणि मग समोरचा वकील एका प्रश्नात आपला पुरावा पाडतो. पण जी बाई शेवटी जेवते, सर्वात जास्त ओझे वाहते आणि जिच्या घरी दूध विकायलाच असते, ती बाई गावाच्या कोणत्या टोकाला राहते हे सांगायला अभ्यासाची गरज नाही.

माझी आई १९७२ च्या दुष्काळात बारा वर्षांची होती. दुष्काळी कामावर तिने खडी फोडली. तिथे सुकडी मिळायची आणि रेशनला अमेरिकेहून आलेला लाल मिलो. मिलोची भाकरी थापता थापता तुटायची, खाल्ली की पोट जड व्हायचे, पण तीच होती. अंगात येते ना येते ते वय तिचे असे गेले. पुढे सहा वर्षांनी मी तिच्या पोटात आलो, तेही कारखान्यावर, कोपीत. आता डॉक्टर म्हणतात ते 'आनुवंशिक' हेच असेल तर मला मान्य आहे. वारसाहक्काने दुसऱ्यांना जमिनी मिळाल्या.

येथे खाण्याचा एक नाजूक विषय काढतो. तो काढला की आपल्यातलेच काहीजण नाराज होतात. बी-१२ मिळते मांस, मासे, अंडी आणि दुधातून. वरणभातातून ते मिळत नाही. आपल्या आजा-पणजांच्या ताटात चान्या होत्या, वजडी होती, रक्ती होती. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' या पुस्तकात (२०१५) मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या या स्वयंपाकाची तपशीलवार नोंद केली आहे. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस सोडा असे सांगितले आणि समाजाने ते सोडले. ते सोडणे शंभर टक्के योग्य होते. ज्या अन्नाबरोबर लाचारी येते ते अन्न अंगी लागत नाही. पण त्या रिकाम्या जागी काय आले? ज्यांना नोकरी मिळाली त्यांच्या ताटात दूध-अंडी आली. जे गावात राहिले त्यांच्या ताटात रेशनचा गहू-तांदूळ आला आणि ज्वारी-बाजरीही गेली. मानाने मिळणारे, विकत घेता येणारे स्वस्त मांस होते ते 'मोठ्याचे'. २०१५ च्या मार्चपासून महाराष्ट्रात गायीबरोबर बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. मे २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने परराज्यातून आणलेले मांस जवळ बाळगणे गुन्हा ठरवणारी तरतूद रद्द केली हे खरे, पण शेवगावच्या बाजारात परराज्यातले मांस कोण आणून विकणार?

राहिले अंडे. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे, अंडे न खाणाऱ्यांना केळे, असा निर्णय घेतला. एका अंड्याला पाच रुपये. जानेवारी २०२५ मध्ये त्याच सरकारने अंड्याचा निधी थांबवला आणि ज्या शाळांना द्यायचे असेल त्यांनी लोकवर्गणी काढावी असे सुचवले. आपल्या वस्तीतली शाळा लोकवर्गणी कोणाकडून काढणार? संविधानाच्या अनुच्छेद ४७ मध्ये जनतेच्या पोषणाचा स्तर उंचावणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य म्हटले आहे. अंड्याच्या प्रश्नावर आपल्या एकाही गटाने मोर्चा काढल्याचे मला आठवत नाही. पुतळ्याच्या चौथऱ्यासाठी काढले, आणि ते काढायलाच हवे होते. पण पाच रुपयांच्या अंड्यात एका पिढीचे रक्त आहे हे आपल्याला अजून दिसलेले नाही.

मनाचेही असेच आहे. उदासी, चिडचिड, झोप नसणे ही शिकलेल्या, श्रीमंत माणसांची थेरं आहेत अशी आपल्याकडे समजूत. इंग्लंडमध्ये मायकल मार्मट या डॉक्टरांनी व्हाइटहॉल म्हणून ओळखला जाणारा सरकारी नोकरांचा अभ्यास पुढे नेला. १९६७ साली सुरू झालेल्या या अभ्यासात सुमारे १८,००० पुरुष होते. कुणीही उपाशी नव्हते, सर्वांना पगार होता, दवाखाना फुकट होता. तरीही सर्वात खालच्या श्रेणीतल्या शिपायांचा मृत्युदर वरच्या साहेबांच्या सुमारे तिप्पट निघाला. सिगारेट, रक्तदाब, चरबी हे सगळे हिशेबात धरूनही फरकाचा मोठा भाग शिल्लकच राहिला. ज्याच्या हातात आपल्या कामाचा, वेळेचा, मानाचा ताबा नाही त्याच्या शरीरात ताणाची संप्रेरके सतत पाझरत राहतात. त्यांनी साखर वाढते, पोटाभोवती चरबी साठते, झोप मोडते, आणि गोड-तेलकट खावेसे वाटते. जिथे फक्त नोकरीची उतरंड होती तिथे ही गत. मग जिथे जन्माने ठरलेली उतरंड आहे तिथल्या शिपायाचे काय होत असेल? संयुक्त राष्ट्रांच्या महिलाविषयक संस्थेने २०१८ च्या अहवालात भारताच्या २००४-०५ च्या आकडेवारीवरून दाखवले की दलित स्त्रियांचे मृत्यूसमयीचे सरासरी वय वरिष्ठ जातींतल्या स्त्रियांपेक्षा १४.६ वर्षांनी कमी होते. १४.६ वर्षे! एवढ्या वर्षांची जन्मठेपही पुष्कळांना भोगावी लागत नाही.

हा सगळा दोष व्यवस्थेवर टाकून मी मोकळा होतो आहे असे कुणी म्हणेल. म्हणून आपल्या घरातलेही बोलू. रात्री अकराला बैठक संपल्यावर मी जो वडापाव खातो त्याला मनू जबाबदार नाही. चळवळीतला कार्यकर्ता म्हणजे दिवसाला पंधरा कप चहा, तंबाखूची पुडी, जागरण आणि तपासणीचा कंटाळा. किती चांगली माणसे आपण पन्नाशीच्या आत गमावली! बाबासाहेबांचे उदाहरण सर्वजण चुकीच्या बाजूने देतात. 'साहेब अठरा तास काम करत' हे सांगतात. पण मधुमेह आणि पायांच्या दुखण्याने ते किती पिडले होते, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ त्यांनी कोणत्या अवस्थेत पुरा केला, आणि आपले आयुष्य लांबवल्याचे श्रेय त्यांनी प्रस्तावनेत माईसाहेब व डॉ. मालवणकर यांना दिले, हे कुणी सांगत नाही. ती प्रस्तावना त्या ग्रंथासोबत छापलीच गेली नाही. आपण औषध घेत होतो, पथ्य पाळत होतो हे त्यांनी लपवले नाही. आपण मात्र साखर तपासायलाही लाजतो. आणि दारू? वस्तीतल्या बाईच्या उदासीचे निम्मे मूळ तिथेच सापडेल. ते सांगायला मला मार्मट लागत नाही.

तथागतांच्या आयुष्यातल्या दोन गोष्टी मला या विषयात नेहमी जोडीने आठवतात. कोसलचा राजा प्रसेनजित द्रोणभर भात खाऊन धापा टाकत बुद्धांकडे आला. बुद्धांनी त्याला मोजके खाण्यावर चार ओळी सांगितल्या. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला त्या पाठ करायला लावल्या आणि रोज जेवताना म्हणून दाखवायला शंभर कहापण रोजावर ठेवले. हळूहळू राजाचे खाणे एका नाळीवर आले आणि तो हलका झाला. दुसरी गोष्ट आळवी गावची. एका गरीब शेतकऱ्याचा बैल हरवला होता. तो रानभर शोधून, उपाशी, उशिरा प्रवचनाला पोचला. सगळे खोळंबले होते. बुद्धांनी आधी त्याला जेवू घालायला सांगितले. तो जेवून सावध झाल्यावरच त्यांनी बोलायला सुरुवात केली. भिक्षूंनी कुरकुर केली तेव्हा त्यांनी भुकेसारखा दुसरा रोग नाही अशा अर्थाचे उत्तर दिले.

खाण्याबद्दल एकाला एक उपाय आणि दुसऱ्याला अगदी उलट. कारण दोघांच्या दुखण्याचे मूळ वेगळे होते. आजचे आरोग्यसल्ले सगळे प्रसेनजितासाठी आहेत. वर्तमानपत्रांच्या रंगीत पुरवण्यांत, टीव्हीवर, मोबाइलवर जो तो 'कमी खा, सकारात्मक विचार करा' म्हणून सांगतो. हा सल्ला आळवीच्या शेतकऱ्याला देणे ही त्याची थट्टा आहे. माझ्या आईला दिला तो असाच सल्ला होता.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख करतो, कारण आपल्या बायांना अजून 'गेल्या जन्मीचं भोगतेय' असे ऐकवले जाते आणि काहींना ते पटतेही. शिवक नावाच्या परिव्राजकाने बुद्धांना विचारले की माणूस जे सुखदुःख भोगतो ते सगळे पूर्वकर्मामुळे, हे खरे काय? बुद्धांनी पित्त, कफ, वात, ऋतुबदल, शरीराची हेळसांड, बाहेरून झालेला आघात अशी एकामागून एक कारणे मोजली. जे सगळेच पूर्वकर्मावर ढकलतात ते प्रत्यक्ष अनुभव सोडून बोलतात, असे त्यांनी सांगितले. बाबासाहेबांनी तर पूर्वजन्माच्या कर्माचा सिद्धांत हा गरिबांच्या दुःखाची जबाबदारी झटकण्यासाठी आहे हे ओळखूनच तो धम्मात ठेवला नाही. शरीराची हेळसांड आणि बाहेरचा आघात, ही दोन कारणे माझ्या पक्षकार बाईला तंतोतंत लागू होती. अडीच हजार वर्षांपूर्वी जे निदान झाले ते तिच्या केसपेपरवर २०१४ साली कुणी लिहिले नाही.

सरकारने काही केलेच नाही असे नाही. २०१९ नंतर बीडमध्ये खाजगी दवाखान्यांना गर्भपिशवी काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक केली गेली. हंगामाला जाण्यापूर्वी आणि आल्यावर बायांची तपासणी, आरोग्यपत्रिका असे निर्णय झाले. आमच्या जिल्ह्यातल्या वकिलांनी आणि कार्यकर्त्यांनी हीच मागणी लेखी स्वरूपात लावून धरली पाहिजे. आपल्या आशाताईंकडून गावोगावची यादी करावी. कुणाची पिशवी कोणत्या वयात, कोणत्या कारणाने काढली, बीजांडकोश ठेवले की काढले एवढे चार रकाने पुरेत. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या खटल्यात कामगाराचे आरोग्य हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला आहे. मुकादम, कारखाना आणि दवाखाना हे तिघेही त्या हक्काखाली येतात, पण कोर्टात उभे राहायला यादी लागते. भाषणावर खटला उभा राहत नाही. मनाच्या दुखण्यासाठी १४४१६ हा टेलि-मानसचा फुकट क्रमांक २०२२ पासून सुरू आहे. मराठीत बोलता येते. तो प्रत्येक विहाराच्या भिंतीवर ठळक लिहायला हरकत नाही. विपश्यनेला माझा विरोध नाही, मी स्वतः इगतपुरीला दोनदा बसलो आहे, पण संप्रेरके बंद झालेल्या बाईला नुसते श्वासाकडे बघ म्हणून सांगणे हेही मला एक प्रकारचे देवऋषीपणच वाटते.

ती बाई आता बरी आहे, म्हणजे तिच्यासारख्या बाईला बरे म्हणता येईल इतपत. नगरला एका चांगल्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी आणि मनोविकारतज्ज्ञांनी मिळून तिची औषधे बसवली. झोप येते. कंबर अजून दुखते. तोडीला जाणे तिने चार वर्षांपूर्वी सोडले आणि गावातच रोजाने जाते. उचल फेडायला घरातली म्हैस गेली. मुलगी सोळा वर्षांची झाली आहे. गेल्या वर्षी तिला टोळीतल्याच एका पोराचे स्थळ आले होते, मुकादमानेच आणले होते, म्हणजे एक कोयता तयार. आईने ते परतवून लावले. नवऱ्याशी तीन महिने भांडण चालले. शेवटी अकरावीला मुलीचे नाव घालून तिला सरकारी वसतिगृहात ठेवायचे ठरले.

प्रवेशाचे कागद भरायला ती जूनमध्ये माझ्याकडे आली होती. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, सगळे प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी घालून. मी फॉर्म भरत होतो, ती समोर बसून माझ्या टेबलावरच्या गोळ्यांच्या पाकिटाकडे बघत होती. "तुमाला बी साखर का दादा?" म्हणाली. मी मान हलवली. सही केली, शिक्का मारला आणि कागद तिच्या हातात दिले. दारापर्यंत गेली आणि वळून तिने विचारले,

"तिथं होस्टेलात पोरीस्नी अंडं देत्यात का हो?"

मी म्हणालो, "विचारून सांगतो ताई."

(लेखक शेवगाव येथे वकिली करतात.)